अधू नजरेचा शिष्य, गावोगावच्या गायनवर्गांचा गुरू : विष्णू दिगंबर पलुस्कर

पेडणे : गोव्यात पेडणे असो की डिचोली, देवळातल्या भजनात रमलेलं पोर पेटी-तबल्याच्या वर्गाला जाऊ लागलं की थोड्याच दिवसांत घरात विषय निघतो तो ‘गांधर्व’च्या परीक्षेचा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात. पण ही वाट ज्यांच्यापासून सुरू झाली, ते विष्णू दिगंबर पलुस्कर गाण्याकडे वळले ते डोळे अधू झाले म्हणून, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. नीट दिसत नसलेलं मूल वर्गात आलं की आजही काही ठिकाणी शिक्षक बिचकतात. त्यांनी तरी ही हकीकत ऐकायला हवी.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड संस्थानात त्यांचा जन्म झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. विष्णू लहान असताना दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि दोन्ही डोळ्यांना इजा झाली. उपचारासाठी मिरजेला नेलं, पण नजर पूर्ववत झाली नाही. शाळा सुटली. बारीक अक्षर वाचता येत नाही, मग पुढे पोट कसं भरायचं? आवाज गोड होता, कीर्तनामुळे कान तयार होता. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या काळची तालीम सगळी कानावरची. गुरूने म्हणायचं, शिष्याने ऐकायचं आणि गळ्यावर चढेपर्यंत घोटायचं. वही नाही, फळा नाही. म्हणजे जिथे शाळेचा मार्ग बंद झाला, तिथे विष्णू कुणापेक्षाही कमी नव्हता. बाळकृष्णबुवा स्वतः दम्याने बेजार असत, तरी त्यांनी शिष्य घडवले. त्यांचेच एक शिष्य नीळकंठबुवा. त्यांच्याकडे पुढे जन्मांध पंचाक्षरी गवई शिकले आणि गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात त्यांनी अंध मुलांना सांभाळून गाणं शिकवलं. मिरजेची ही विद्या अशी कर्नाटकातही रुजली.

१८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली. सांगतात की एका समारंभाला त्यांना बोलावणं होतं, गुरूंना मात्र नव्हतं. गवयाला समाजात मान नाही, ही गोष्ट मनाला लागली. बडोदा, सौराष्ट्र असं करत ते उत्तरेकडे गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ठरलेला अभ्यासक्रम, वर्ग, परीक्षा, आणि दारं सर्वांना खुली. घरंदाज बायकापोरांनी गाणं शिकायचं म्हणजे काय, असं विचारणारा तो काळ होता! काही विद्यार्थ्यांना तर राहायला-जेवायला देऊन शिक्षक म्हणून तयार केलं जाई.

गंमत अशी की ज्याची नजर अधू, त्यानेच गाणं कागदावर उतरवायची स्वतःची स्वरलिपी केली आणि मुलांसाठी पुस्तकं काढली. त्यामुळे गुरूच्या घरी वर्षानुवर्षं न राबताही शिकायची सोय झाली. अर्थात छापील खुणा डोळ्यांनीच वाचाव्या लागतात. पूर्ण अंध मुलाला त्यांचा उपयोग नव्हता. त्याची तालीम कानावरचीच राहिली. हे उणं मान्य करूनच त्यांच्या कामाकडे बघावं.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय निघालं. तिथे इमारत उभी राहिली, पण कर्ज वाढत गेलं आणि शेवटी ती हातची गेली. हिशेबाच्या बाबतीत पंडितजी कच्चे होते असंच म्हणावं लागेल. त्याआधी १९२३ च्या काकिनाडा काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षांनी हरकत घेतली, तरी त्यांनी ‘वंदे मातरम्’ पूर्ण गाऊनच थांबवलं. नंतरची वर्षं नाशिकला रामनामात गेली.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. परीक्षा आज घेतं ते हेच मंडळ. बारा अपत्यांपैकी एकच मुलगा, दत्तात्रेय, मागे उरला होता, दहा वर्षांचा. त्याला पुढे विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांनी गाणं शिकवलं.