रणातून घरात आलेलं दुःख

नवरात्रात अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरीच्या दर्शनाला गेलात, की देवळाच्या गोष्टीत अहिल्याबाई होळकरांचं नाव कानावर पडतंच. घाट, बारवा बांधणारी पुण्यश्लोक बाई आपल्याला ठाऊक आहे. पण मैत्रिणींनो, लढाईनं मोडलेली माणसंही तिनं घरात सांभाळली.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पती खंडेराव गेले. अहिल्याबाई सती निघाल्या, तेव्हा सासरे मल्हारराव त्यांच्यापुढे रडले. उभा जन्म घोड्यावर काढलेला सुभेदार, पण सुनेपुढे पदर पसरल्यासारखी विनवणी केली! त्या थांबल्या. १७६१ला पानिपत झालं, त्याच वर्षी सासूबाई गौतमाबाईही गेल्या. युद्धानंतर मनाला बसणाऱ्या धसक्याला आज डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. मल्हाररावांना ते नाव कशाला चिकटवा? पण त्या म्हाताऱ्या जिवावरचं ओझं सुनेनं ओळखलं. वसुली, हिशेब, अगदी तोफा-दारूगोळ्याची तजवीजही त्यांनी अंगावर घेतली. नुसतं 'धीर धरा' म्हणून भागत नाही, हे आजच्या फौजीच्या घरालाही पटेल.

मालेरावाचं मात्र काही चाललं नाही. बाप रणात गेला तेव्हा पोर जेमतेम नऊ वर्षांचं. १७६६त गादीवर बसला आणि थोड्याच महिन्यांत त्याचं मन पार ढळलं. लोक भूतबाधा म्हणाले. आई रात्रंदिवस उशाशी बसली. १७६७त तोही गेला.

मग कारभार हाती आल्यावर बाईंनी निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करायची रीत मोडली. त्यात लढाईत मालक गमावलेल्या बायकाही आल्याच.