गुणसूत्राचे अंतर मोजणारे कोसंबी

गहू, भात किंवा यीस्टच्या जनुकांचा नकाशा तयार करणाऱ्या संगणक प्रणालीत संशोधकाला एक निवड करावी लागते. अंतर कोणत्या सूत्राने मोजायचे, हॉल्डेन यांच्या की कोसंबी यांच्या? हे कोसंबी म्हणजे प्राचीन भारताच्या इतिहासाचे भाष्यकार म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, तेच दामोदर धर्मानंद कोसंबी. हे सूत्र त्यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना मांडले.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे गाढे अभ्यासक. सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाल्यावर १९१८ मध्ये ते वडिलांबरोबर अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये आले आणि पुढची बारा वर्षे तिथे होते. पुणे त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

या काळात ते शुद्ध गणिताकडून संख्याशास्त्राकडे वळले. त्यासाठी त्यांनी हातात घेतलेले साहित्य होते प्राचीन नाणी. वापरात असलेले नाणे झिजते. जितकी वर्षे ते हातोहाती फिरले, तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. कोसंबींनी हजारो नाणी तराजूत घालून त्यांचा काळानुसार क्रम लावला. जे थेट दिसत नाही ते मोजता येणाऱ्या गोष्टीवरून काढायचे, ही त्यांची रीत होती. जनुकांच्या अंतराचा प्रश्नही त्याच जातीचा होता.

आपल्या पेशींत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना या प्रती शेजारी येतात आणि काही तुकड्यांची अदलाबदल करतात. यालाच पुनर्संयोजन म्हणतात. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके जितकी दूर, तितकी ती या अदलाबदलीत एकमेकांपासून सुटण्याची शक्यता जास्त. त्यामुळे किती संततीत ती सुटली हे मोजून अंतराचा अंदाज येतो. पण यात एक अडचण आहे. दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्रच येतात आणि काहीच घडले नाही असे दिसते. म्हणजे मोजलेला आकडा खऱ्या अंतरापेक्षा कमी भरतो.

यावर १९१९ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी एक सूत्र दिले. प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र असते, असे त्यात गृहीत होते. फळमाशीवरच्या प्रयोगांत मात्र वेगळेच दिसले होते. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या लगत दुसरी सहसा होत नाही. याला इंटरफिअरन्स म्हणतात. हा मज्जाव अगदी जवळ कडक असतो आणि अंतर वाढेल तसा सैल होत जातो, असे धरून कोसंबींनी नवे सूत्र बांधले. अवघ्या चार पानांचा तो लेख १९४४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात आला. समजा, दोन जनुके ३० टक्के संततीत सुटलेली आढळली. हॉल्डेन यांच्या हिशेबाने त्यांच्यातले अंतर सुमारे ४५.८ एकके येते, तर कोसंबींच्या हिशेबाने ३४.७. एखाद्या रोगाचे जनुक शोधताना किंवा पिकाच्या तांबेरारोधक जनुकाजवळची खूण पकडताना हा फरक किरकोळ नसतो.

आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए आहे याचा भक्कम पुरावा त्याच १९४४ मध्ये पुढे आला. त्याची दुहेरी सर्पिल रचना कळायला १९५३ उजाडले. म्हणजे अदलाबदल नेमकी कशाची होते हे ठाऊक नसताना कोसंबींनी तिचे गणित मांडले होते.

ही अदलाबदल कशी घडते, याचा उलगडा पुढे पावाच्या यीस्टने केला. बीजाणू तयार करताना यीस्टची पेशी स्वतःच्याच डीएनएचे दोन्ही धागे मुद्दाम तोडते. हे काम एसपीओ-११ नावाचे प्रथिन करते. साधारण दीडशे ते दोनशे ठिकाणी असे तुकडे पडतात. मग जोडीदार गुणसूत्राचा नमुना समोर ठेवून पेशी ती तूट सांधते. त्यांतल्या सुमारे ९० ठिकाणी खरी अदलाबदल होते आणि उरलेल्या तुटी अदलाबदल न होताच बुजतात. कोणत्या तुटीचे काय होणार यावर पेशीचे नियंत्रण असते. प्रत्येक जोडीत किमान एक अदलाबदल व्हावी लागते, नाहीतर गुणसूत्रांची वाटणी चुकते. माणसात २१ वे गुणसूत्र असे जादा आले की डाऊन सिंड्रोम होतो. सांधकामातला मुख्य कारागीर आरएडी-५१ हे प्रथिन. माणसात त्याला तुटलेल्या जागी बसवण्याचे काम बीआरसीए-२ करते. ते जनुक बिघडले की स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

पावाच्या यीस्टमध्ये इंटरफिअरन्स स्पष्ट दिसतो. त्याचे लांबचे भावंड असलेल्या फिशन यीस्टमध्ये मात्र तो नसतो. तिथे हॉल्डेन यांचे सूत्र अधिक योग्य ठरते. कोसंबींचे सूत्र हा उत्तम अंदाज आहे, निसर्गाचा नियम नव्हे.

फर्ग्युसननंतर होमी भाभांच्या बोलावण्यावरून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे पुण्यातच. डेक्कन क्वीनने ये-जा चाले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आणि १९५६ चा भारतीय इतिहासावरचा ग्रंथ याच वर्षांतले. सुटीच्या दिवशी ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर अश्मयुगीन हत्यारे शोधत हिंडत. गणितात मात्र त्यांचे नाव उतरणीला लागले. रीमान यांच्या प्रसिद्ध गृहीतकाची संभाव्यतेच्या आधारे त्यांनी दिलेली सिद्धता गणितज्ञांना मान्य झाली नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. १९६४ मध्ये ते मानद शास्त्रज्ञ म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी जोडले गेले. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५८.

ती विज्ञानवर्धिनी आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते आणि तिथे गव्हाच्या नव्या वाणांवर काम चालते. गव्हाच्या जनुकांचे नकाशे जगभर ज्या एककात छापले जातात, त्याखाली आजही बहुधा कोसंबी हेच नाव असते.