माळरानावरील नगर

बेळगाव शहर वाढू लागले, तेव्हा नव्या उपनगरासाठी जागा हवी झाली. त्या जागेवर नांगर तयार करणारा एक छोटा कारखाना उभा होता. तो हलविण्याचा हुकूम झाला. अनेक वर्षांच्या कष्टांनी जमविलेला संसार मोडण्याची वेळ आली. परंतु कारखान्याच्या मालकाने धीर सोडला नाही. ते मालक म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईस गेले. पण काही रंग आपणांस नीट ओळखता येत नाहीत, हे ध्यानी येताच त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाची कास धरली. काही काळ त्यांनी तो विषय शिकविलाही. पुढे हक्काची बढती डावलली गेल्याने त्यांनी नोकरी सोडली. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने त्यांनी बेळगावात सायकलींचा धंदा केला व नंतर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने शेतकरी आरंभी नांगर घेईनात. तरीही लक्ष्मणराव डगमगले नाहीत.

कारखान्यास जागा उरली नाही, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावून आले. त्यांचे संस्थान निरनिराळ्या तुकड्यांत विखुरलेले होते. माणदेशातील आटपाडी त्यांच्याकडे होती, तसेच कुंडलही. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि कर्जाऊ रक्कम त्यांनी लक्ष्मणरावांस दिली.

१९१० साली लक्ष्मणराव सहकाऱ्यांसह त्या माळावर आले. सभोवार निवडुंग माजला होता. सापांचा सुळसुळाट होता. पाण्याचे दुर्भिक्ष होते. अशा ठिकाणी केवळ कारखाना उभारून भागणार नव्हते. कामगार राहणार कोठे, पाणी कोठून आणणार, मुले शिकणार कोठे, या साऱ्यांचा विचार एकत्रच करावा लागे. रामूअण्णांनी वसाहतीचा भार उचलला. जमीन साफ झाली, घरे उभी राहिली, शाळा निघाली, झाडे लागली. शिवाशिवीला तेथे थारा नव्हता. पूर्वी गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीची राखण सोपविली आणि त्यांनीही तो विश्वास राखला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर घडविले गेले. संहाराची साधने अशा रीतीने शेतीच्या कामी आली. वसाहत वाढत गेली. १९२० साली तेथून 'किर्लोस्कर' मासिक निघू लागले. कुंडल रोड स्थानकासही पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात मोडते आणि तेथे पंप तयार होतात. एका शहराच्या वाढीने ज्यांची जागा गेली, त्यांनी दुसऱ्या गावाची वाढ आधीच मनात आखून ठेवली. भिंती आणि रस्ते यांची आखणी कोणीही करील. परंतु तेथे राहणाऱ्या माणसांच्या सुखदुःखांची आखणी ज्याने आधी केली, त्याचेच नगर दीर्घकाळ टिकते.