आज्याचा खंजिरीवाला

आमच्या होस्टेलच्या गच्चीवर रात्री जेवणं झाली की गिटार निघते आणि मग जॉन डेन्व्हर ठरलेला! अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं ते संगीत आपल्याला किती समजतं देव जाणे, पण पोट्टे जीव तोडून गातात. मीही गातो. एका रात्री मात्र माझ्या मोबाईलवर चुकून खंजिरी वाजली आणि मी ती घाईघाईनं बंद केली. रूम पार्टनरनं विचारलं तर जाहिरात होती म्हणून सांगून मोकळा झालो.

खोटं बोललो, मित्रांनो. ते तुकडोजी महाराज होते. माझा आजा अकोल्याकडच्या आमच्या गावात सामुदायिक प्रार्थना झाली की त्यांची भजनं म्हणायचा. बाकीच्यांचे ते राष्ट्रसंत, आज्याचे मात्र आधी गवई. ज्याच्या मांडीवर बसून ही भजनं ऐकली, त्याचाच आवडता गायक मी लपवला. ते मनाला लागलं, म्हणून हे लिहितोय.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. नाव माणिक. घरची गरिबी, शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानलं आणि तुकड्या हे नावही तिथलंच. पुढं प्रत्येक भजनाच्या शेवटी हेच नाव येतं. लहानपणीच रामटेक, सालबर्डीकडची जंगलं पालथी घातली. गाणं कोण्या उस्तादाकडे बसून शिकलेले नव्हते.

वाद्य तरी काय? लाकडाचं एक कडं, एका बाजूनं ताणलेलं चामडं आणि कडेला पितळेच्या चकत्या. एका हातात मावते! पण त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं एखादं जुनं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. आवाज गोड वगैरे नाही. खडा आहे, उघड्या मैदानात मागच्या माणसापर्यंत पोचणारा. ठेका असा की पाय आपोआप हलतो. चाली सोप्या, कारण मागून अख्ख्या गावाला म्हणायचं असे. कधी मराठी, कधी हिंदी. देवाचं नाव घेता घेता गाणं कधी गावच्या गटारावर, दारूवर, हुंड्यावर येतं ते कळतही नाही.

१९३५ मध्ये सालबर्डीच्या यज्ञाला लाखोंनी लोक जमले. त्याच काळात मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींनी बोलावल्यावरून ते महिनाभर सेवाग्रामला राहिले.

आणि मग १९४२! चिमूर, आष्टीकडे महाराजांची भजनं गावोगाव झाली होती. ऑगस्टमध्ये तिथं लोक उठले, तेव्हा सरकारनं या खंजिरीवाल्याला चंद्रपूरला पकडलं. आधी नागपूर, मग रायपूरचा तुरुंग. डिसेंबरात सुटले. विचार करा, बंदूक नाही, बॉम्ब नाही, फक्त भजन म्हणणारा माणूस, आणि इंग्रज सरकारला त्याची धास्ती! आजा हा भाग सांगताना हमखास उठून उभा राहायचा.

१९५५ ला ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तिथंही खंजिरी सोबत. ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली. सिव्हिलवाल्यांनी ती जरूर चाळावी. रस्ते, घरं, सांडपाणी, सगळं ओव्यांमध्ये आहे. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत जवानांसाठी सीमेवर जाऊन गायले. नंतर कॅन्सरनं गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजातच गेले.

ही वेळ मला पाठ आहे. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत बरोबर ४.५८ ला मौन असतं. लहानपणी आज्यानं एकदा नेलं होतं. दिवसभर खंजिऱ्यांचा नुसता दणका चालला होता, आणि एकदम सगळं गप्प. एवढ्या माणसांत मला माझ्या बाजूला आज्याचा श्वास ऐकू येत होता.

परवा गच्चीवर मी ते रेकॉर्डिंग मुद्दाम लावलं. पहिल्यांदा दोघं-तिघं हसले. मग गिटारवाला म्हणे, थांब, परत लाव, ठेका पकडू दे. अर्धा तास त्याला काही तो जमला नाही. आता सुटीत घरी गेलो की आज्याची खंजिरी घेऊन येतो. चामडं सैल झालंय, उन्हात तापवावं लागेल.