थिबा राजाचा अपराध

भाट्याच्या खाडीवर नजर ठेवून उभा असलेला थिबा राजवाडा रत्नागिरीकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की ब्रह्मदेशाच्या राजाला कोकणातील या आडबाजूच्या बंदरात का आणून ठेवले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. विचारलेच, तर ठरावीक उत्तर मिळते: राजा दुबळा, राणी सुपयालत क्रूर आणि इंग्रज लोभी. या तिन्ही विधानांत तथ्य आहे. पण १८८५ सालच्या युद्धाचा उलगडा त्यांतील एकानेही होत नाही.

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ चा. राजा मिंडॉनच्या अनेक पुत्रांपैकी तो एक. विहारात राहून त्याने पाली धर्मग्रंथांचे अध्ययन केले होते, आणि राज्यकारभारापेक्षा पोथीतच तो अधिक रमला असता. १८७८ मध्ये मिंडॉन मृत्युशय्येवर असता राणीने व प्रधानांनी याच मवाळ राजपुत्राची निवड केली, ती तो आपल्या मुठीत राहील या हिशेबाने. पुढच्याच वर्षी राजघराण्यातील सुमारे ऐंशी जणांची हत्या झाली. त्या रक्तपाताचा डाग थिबाच्या नावावरून पुसता येणार नाही, आणि पुसण्याचे कारणही नाही.

परंतु इंग्रजांनी शस्त्र उचलले असते, तर ते तेव्हाच. तसे झाले नाही. १८७९ मध्ये त्यांच्या फौजा अफगाणिस्तानात व झुलूंच्या मुलुखात गुंतल्या होत्या. मंडालेतील वकील परत बोलावण्यात आला, एवढेच. राजाच्या क्रौर्याची आठवण कलकत्त्याला पुन्हा झाली ती सहा वर्षांनी, ब्रह्मदेशाच्या क्षितिजावर फ्रान्स दिसू लागल्यानंतर.

१८२६ व १८५२ च्या युद्धांनी ब्रह्मदेशाचा सारा समुद्रकिनारा इंग्रजांकडे गेला होता. उरलेल्या राज्याला बाहेरच्या जगाकडे जाण्याची वाट इंग्रजी बंदरांतूनच होती. अशा कोंडलेल्या राज्याने दुसरा मित्र शोधावा, यात नवल ते काय? १८८३ मध्ये थिबाचे शिष्टमंडळ युरोपात गेले आणि जानेवारी १८८५ मध्ये पॅरिसला करार झाला. करार वरकरणी व्यापाराचा होता. पण टोंकिनमध्ये शांतता प्रस्थापित झाल्यावर त्या मार्गाने शस्त्रे येऊ देण्याचे आश्वासन फ्रान्सचा प्रधानमंत्री फेरी याने खासगी पत्रातून दिले होते, आणि ते पत्र इंग्रजांना कळल्यावाचून राहिले नाही. हिंदुस्थानच्या पूर्व सीमेवर फ्रेंच तोफा ही कल्पनाच व्हाइसरॉय डफरिन याला असह्य होती. त्याच वसंतात पंजदेह येथे रशियाशी युद्धाचा प्रसंग येऊन ठेपला होता, हेही विसरता येत नाही.

आणि ज्या मित्रासाठी हा धोका पत्करला, तो मित्र कुठे होता? टोंकिनमधील पिछेहाटीमुळे मार्च १८८५ मध्येच फेरीचे मंत्रिमंडळ कोसळले होते. मंडालेला फ्रेंच वकील आला, पण मागोमाग पलटण आली नाही. थिबाच्या पदरी मैत्रीचे सामर्थ्य पडले नाही, तिचा संशय मात्र पडला.

निमित्त मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने पुरवले. सागवानाच्या व्यवहारात फसवणूक केल्याबद्दल मंडालेच्या मंत्रिमंडळाने या कंपनीस सुमारे तेवीस लाख रुपये दंड केला. २२ ऑक्टोबरच्या निर्वाणीच्या खलित्यात या दंडाचा विषय होताच. खरी मेख होती ती परराष्ट्रव्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवण्याच्या मागणीत. ती मान्य करणे म्हणजे राज्य राहून राजेपण जाणे होते. नोव्हेंबरच्या मध्यास जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावतीतून वर सरकली आणि पंधरवड्यात मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी, थिबाच्या सत्ताविसाव्या वाढदिवशीच, ब्रह्मदेश खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला.

चीनला दुखवू नये म्हणून इंग्रजांनी १८८६ च्या करारात एक गमतीचे कलम मान्य केले: ब्रह्मदेशाकडून दर दहा वर्षांनी पेकिंगला जाणारा नजराणा पुढेही चालू राहील! बलाढ्य शेजाऱ्याची मर्जी राखण्यासाठी नाहीशा केलेल्या राज्याचे मांडलिकत्वही कागदावर जपता येते. शेजारच्या सयामचे स्वातंत्र्य टिकले. राज्यकर्त्यांच्या चातुर्याइतकेच ते १८९६ मध्ये इंग्रज व फ्रेंचांना आपापल्या हद्दींमध्ये मोकळी जागा हवी होती म्हणून टिकले.

मद्रासहून एप्रिल १८८६ मध्ये राजा रत्नागिरीस आला. आगगाडी नसलेले, पावसाळ्यात बंद पडणारे बंदर कैद्यासाठी सोयीचे होते. जवळची रत्ने विकत, कर्ज काढत, सरकारकडे अर्ज धाडत त्याने चोवीस वर्षे बंगल्यांत काढली. राजवाडा मिळाला तो १९१० मध्ये. तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

ज्या वैरापायी थिबाचे सिंहासन गेले, ते वैर १९०४ च्या इंग्रज-फ्रेंच समझोत्याने मिटले. डिसेंबर १९१६ मध्ये राजाने रत्नागिरीत देह ठेवला, तेव्हा सोमच्या रणांगणावर दोन्ही राष्ट्रांचे सैनिक खांद्याला खांदा लावून लढून नुकतेच थांबले होते. अंत्यसंस्कार व्हावेत ते मंडालेत, यासाठी राणी दोन वर्षांहून अधिक काळ शव न पुरता अडून बसली. सरकार बधले नाही. १९१९ मध्ये राजाला रत्नागिरीतच समाधी मिळाली आणि राणीला परतीची परवानगी मिळाली, तीही रंगूनपर्यंतच.