ऋतूंचा कोन मोजणारे अल्-बिरुनी

थंडी का पडते असे वर्गात विचारले की पुष्कळ जण सांगतात, सूर्य दूर जातो म्हणून. प्रत्यक्षात पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ असते! ऋतू होतात ते पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. हा कल हजार वर्षांपूर्वी काटेकोरपणे मोजणारे विद्वान म्हणजे अबू रैहान अल्-बिरुनी.

इ.स. 973 मध्ये ख्वारिज्म प्रांतात, आजच्या उझबेकिस्तानात, त्यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात सूर्याची उंची मोजून त्यांनी काथ शहराचे अक्षांश काढले. 995 मध्ये यादवी माजली आणि त्यांना परागंदा व्हावे लागले. 1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकून त्यांना गझनीला नेले. ते राजीखुशीने गेले असे म्हणवत नाही.

पुढच्याच वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात असताना त्यांच्यापाशी एकही उपकरण नव्हते. त्यांनी आकडेमोडीच्या फळीच्या पाठीवर कंस आखला, त्यावर अंश पाडले, ओळंबा सोडला आणि सूर्याची उंची मोजली. पालकहो, प्रयोगशाळेवाचून विज्ञान अडते असे वाटले की ही फळी आठवा.

कल मोजण्याची रीत सोपी आहे. वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी माध्यान्हीच्या सूर्याची उंची घ्यायची. गझनीसारख्या ठिकाणी दोहोंत सुमारे 47 अंशांचा फरक पडतो; त्याचे निम्मे म्हणजे कल. बिरुनींचे उत्तर होते 23 अंश 35 मिनिटे. त्या काळच्या खऱ्या कलाहून ते जेमतेम एका मिनिटाने वेगळे! गणित त्यांनी पृथ्वी स्थिर मानून मांडले, पण कोन तोच.

पुढे ते संस्कृत शिकले आणि 1030 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या 'किताबुल हिंद'मध्ये त्यांनी आपले सहा ऋतूही नोंदवले. 1048 च्या सुमारास गझनीत त्यांचे निधन झाले.

आता आपल्या अंगणाकडे या. जव्हार आणि मोखाडा सुमारे 20 उत्तर अक्षांशावर आहेत. म्हणून 20 मेच्या आसपास माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो व खांबाची सावली नाहीशी होते. पुढे जुलैअखेरपर्यंत ती दक्षिणेला पडते, पण तोवर आपल्याकडचा पाऊस सूर्य दिसू देईल तर ना! 22 डिसेंबरला मात्र सूर्य जेमतेम 47 अंश चढतो. तेवढेच ऊन जास्त जमिनीवर पसरते, दिवसही लहान, म्हणून थंडी. त्या दिवशी 12 वाजून 35 मिनिटांनी एक मीटरची काठी उभी करा. सावली सुमारे 94 सेंटिमीटर भरेल.