माओनं चांगशात पुस्तकांचं दुकान काढलं होतं, त्याची गोष्ट

माओ त्से-तुंग म्हटलं की लाल पुस्तक आणि लाँग मार्च आठवतो. पण 1920 मध्ये हाच माणूस हुनान प्रांताची राजधानी चांगशा इथं पुस्तकं विकत होता.

वडील शेतकरी आणि धान्याचे व्यापारी. पोरानं हिशेब लिहावा, धंदा सांभाळावा एवढीच त्यांची इच्छा. पोरगा मात्र 1912 साली शाळा सोडून सहा महिने रोज प्रांतिक ग्रंथालयात जाऊन बसला. जगाचा नकाशा त्यानं पहिल्यांदा तिथेच पाहिला. पुढं पेकिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात महिना आठ युआनवर मदतनीस झाला. मोठ्या विद्वानांना या खेडवळ पोराशी बोलायला वेळ नव्हता, ही सल त्याला आयुष्यभर राहिली.

चांगशा शहर जुन्या वळणाचं. परदेशी लोकांसाठी ते अधिकृतपणे उघडलं, तेही 1904 मध्ये. 1919 मध्ये माओनं तिथं साप्ताहिक काढलं. चार अंक निघाले, पाचवा लष्करी सत्ताधीश झांग जिंगयाओनं जप्त करवला. जून 1920 मध्ये झांगला पळावं लागलं आणि सप्टेंबरमध्ये दुकान उघडलं.

जागा भाड्याची, तीही अमेरिकेतल्या येल विद्यापीठाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाची. पाटीवरची अक्षरं प्रांताचे प्रमुख तान यानकाई यांच्या हातची. नव्या विचारांचं दुकान जुन्या शहरात टिकवायचं तर पाटीवर वजनदार माणसाचं अक्षर हवं, हे सव्वीस वर्षांच्या माओला नेमकं कळलं होतं.

भांडवल वर्गणीतून उभं केलं. अट अशी की एकदा दिलेला पैसा परत मिळणार नाही आणि नफाही वाटला जाणार नाही. प्रकाशक अनामत मागायचे, तेव्हा चेन दुशिऊ, ली दाझाओ अशा नावाजलेल्या लोकांनी शब्द टाकला. वडिलांनी हिशेब शिकवला तो इथं कामी आला म्हणायचा! दुकानाचे जमाखर्च छापून सर्वांसमोर मांडले जात.

सुरुवातीला 164 पुस्तकं आणि 45 नियतकालिकं होती. त्यात मार्क्स होता, तसेच प्लेटो, डार्विन, रसेल आणि ड्युईही होते. 'नवयुवक' मासिकाच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत सुमारे दोन हजार प्रती खपल्या. मग आसपासच्या तालुक्यांच्या गावी शाखा निघाल्या. ज्यांच्याकडे चांगशापर्यंत यायला पैसे नव्हते, अशा शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना नवी मासिकं आता गावातच मिळू लागली.

मे 1927 मध्ये लष्करानं चांगशातल्या कम्युनिस्टांवर हल्ला चढवला. त्यातच दुकानही संपलं.

1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, तेव्हा माओ सत्तेच्या शिखरावर होता. त्याच्या नावानं रेड गार्ड्सनी घराघरांतून पुस्तकं ओढून काढून जाळली. चीनभरच्या पुस्तकांच्या दुकानांतली फळ्यांवरची बरीचशी जागा एकाच लेखकानं व्यापली. डार्विनशेजारी प्लेटो मांडून ठेवणारा दुकानदार आता स्वतःच तो लेखक होता.